काढा औषधात धरत नाहीत

गुळवेलीला मरण नाही असे म्हणतात, ते उगीच नव्हे. तिचा वीतभर तुकडा कापून कुंपणाच्या तारेवर अडकवून ठेवला, तरी माती नाही, पाणी नाही अशा अवस्थेत तो कितीतरी दिवस हिरवा राहतो. पावसाची चाहूल लागली की त्यातून दोऱ्यासारखे मूळ खाली सुटते, जमीन शोधते आणि नवा वेल उभा राहतो. संस्कृतात तिला अमृता म्हटले, गुडूची म्हटले. हिंदीने गिलोय म्हटले आणि गेल्या काही वर्षांत हे हिंदी नाव बाटल्यांवर बसून आपल्याकडेही आले. ही अमृता २०२१ पासून यकृतविकाराच्या शोधनिबंधांत दिसू लागली आहे. वेल तीच आहे. मग बदलले काय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत हिंडते आहे. (वेल्ह्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली; लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) वैद्यक हा माझा विषय नाही. त्यामुळे यकृताविषयी इथे जे लिहिले आहे ते यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांच्या आधाराने. वेलीविषयी आणि ती वापरणाऱ्या माणसांविषयी जे आहे, ते माझे पाहिलेले-ऐकलेले.

माप, मुदत आणि माणूस

नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, मोसे यांच्या खोऱ्यांचा हा मुलूख. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणे याच दोन तालुक्यांत. पश्चिमेला सह्याद्रीची धार, आणि वरंधा किंवा मढे घाट उतरला की कोकण. डोंगराच्या कुशीत वाड्या विखुरलेल्या; कित्येक ठिकाणी अजून पावसाळ्यात दवाखाना गाठायचा म्हणजे दिवस मोडतो. अशा भागात झाडपाला ही हौस नसते, तो पहिला आधार असतो. हिरडा, बेहडा, अडुळसा, निर्गुडी, भुईआवळा, बिब्बा हे सारे इथल्या जुन्या माणसांना पाठ असते.

गुळवेलीविषयी मी जिथे जिथे विचारले, तिथे उत्तरात तीन गोष्टी ठरलेल्या असायच्या. पहिली, माप: बोटाएवढा तुकडा, ठेचून रात्री पाण्यात घालायचा आणि सकाळी ते पाणी प्यायचे, किंवा उकळून निम्मे करायचे. दुसरी, मुदत: ताप उतरेपर्यंत, तीन दिवस, पाच दिवस, फार तर सात. ताप गेला की काढाही गेला. तिसरी गोष्ट सहसा बोलून दाखवली जात नसे, पण ती असायचीच. देणारी आजी किंवा वैदू घेणाऱ्याला ओळखत असे. याचा कोठा हलका, हिला दिवस गेले आहेत, त्याला मागे कावीळ होऊन गेली आहे, हे त्याला ठाऊक असे.

या ज्ञानाचे मी उदात्तीकरण करू इच्छित नाही. त्यात चुकीचेही पुष्कळ होते, त्याकडे पुढे येतेच. पण त्याला मर्यादा होत्या, आणि त्या ज्ञानाचाच भाग होत्या.

२०२० चे वर्ष

कोविडच्या पहिल्या वर्षात वेल घराघरांत शिरली. शहरात गोळी, सत्त्व, रस आणि चूर्ण या रूपांत, तर गावात सरळ कुंपणावरून. ताप नसलेली माणसे तो येऊ नये म्हणून काढा पिऊ लागली. इथे पहिली मर्यादा मोडली. ताप उतरला की थांबायचे, हा नियम ताप नसलेल्या माणसाला लागूच होत नाही. भीती संपेपर्यंत घ्यायचे असे ठरले, आणि भीती दोन वर्षे संपली नाही.

सरकारी कागदावर मुदत होती, हे नोंदवायला हवे. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या उपचार-मार्गदर्शिकेत प्रतिबंधासाठी गुडूची घनवटी आणि अश्वगंधा यांचा उल्लेख होता. मात्रा दिली होती आणि काळही दिला होता: पंधरा दिवस किंवा एक महिना, अथवा वैद्य सांगतील तसे. पण सल्ला तोंडातोंडी फिरतो तेव्हा वनस्पतीचे नाव टिकते आणि मुदत गळून पडते. ‘गिलोय घ्या’ एवढेच उरते.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांच्या एका गटाकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. त्यांच्यात समान दुवा निघाला तो गुळवेलीच्या सेवनाचा. सहापैकी एका रुग्णाचा मृत्यू झाला. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खळबळ उडाली. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये तो दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासले का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात तर नव्हती, हे त्यांचे प्रश्न होते.

प्रश्न गैर नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाने तेच विचारले असते. आपल्या गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचे पान हृदयाकृती आणि गुळगुळीत. खोडावर कागदासारखी पातळ साल सुटते. फळे पिकल्यावर वाटाण्याएवढी, लालभडक. तिची एक बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस, हिच्या पानाला खालून लव असते. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा, हिच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक फोड असतात. क्रिस्पाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून होत्या. चूर्ण झाल्यावर मात्र तिघींत डोळ्यांनी फरक करता येत नाही. पान, साल, फळ या ओळखीच्या खुणा आधीच नाहीशा झालेल्या असतात.

पण प्रकरण सहा रुग्णांवर थांबले नाही. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्रेचाळीस रुग्ण होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत अनेकांमध्ये एक विशिष्ट चित्र दिसले: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. वैद्यकात याला स्वप्रतिकारक यकृतदाह म्हणतात. काहींना हा आजार आधीपासून सुप्त रूपात असावा आणि गुळवेलीने तो उघडा पाडला असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

हे ४६ दिवस आणि मावळातले सात दिवस शेजारी ठेवून पाहा. सात दिवसांत हा त्रास कोणालाच होत नसेल असा याचा अर्थ नव्हे. पण सात दिवस घेऊन थांबणाऱ्या माणसांत तो कधी दिसलाच नाही, तर ‘आमच्या आजीपासून घेतात, कोणाला काही झाले नाही’ हे वाक्य पूर्ण खरे असूनही आजच्या वापराला लागू पडत नाही. आजीने महिनोन् महिने घेतलेच नव्हते.

आणखी एक विचार करण्याजोगी गोष्ट. गुळवेल घ्यायची ती प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी. ती खरोखर काही वाढवत असेल, तर ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटायला टपलेली आहे, त्याच्या शरीरात ती काय वाढवेल? औषधात गुण आहे असे म्हणायचे आणि अवगुण शक्यच नाही असेही म्हणायचे, ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत.

यकृताचे काम

यकृत सुमारे दीड किलो वजनाचे, उजव्या बरगड्यांच्या आड. त्याला मिळणारे बहुतांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. आतड्यांकडून एका मोठ्या शिरेवाटे येते. आपण जे गिळतो ते रक्तात मिसळून शरीरभर जाण्यापूर्वी आधी यकृतापुढे हजर होते. जकात नाक्यावर गाडी उभी करावी तसे. तिथली विकरे आलेल्या द्रव्याचे रूप बदलतात आणि ते पाण्यात विरघळेल असे करून पित्तावाटे किंवा मूत्रावाटे बाहेर टाकतात. द्रव्य कारखान्यातले की कुंपणावरचे, हे यकृताला कळत नाही. त्याला फक्त रेणू कळतो.

कधी कधी या रूपबदलात मूळ द्रव्यापेक्षा घातक असे मधले रूप तयार होते. इजा दोन तऱ्हांनी होते. एक मात्रेवर अवलंबून असते. पॅरासिटामॉलच्या फार गोळ्या एकदम घेतल्या तर कोणाच्याही यकृताला इजा होईल. दुसरी व्यक्तीवर अवलंबून असते: हजारो जण तेच द्रव्य पचवतात आणि एखाद्याचे यकृत सुजते. वनस्पतिजन्य औषधांमुळे होणारी बहुतेक इजा या दुसऱ्या प्रकारातली. म्हणूनच ती शेजाऱ्याच्या अनुभवावरून ओळखता येत नाही. ‘मी वर्षभर घेतो, मला काही झाले नाही’ हे त्याच्यापुरते खरे असते.

निदानही सरळ नाही. रक्तात ‘गुळवेलीची कावीळ’ दाखवणारी कोणतीही एक चाचणी नाही. आधी ए, बी, सी, ई या विषाणूंची कावीळ नाही, पित्तनलिकेत खडा नाही, दारूचे कारण नाही, इतर औषधे नाहीत असे एकेक वगळत जावे लागते. संशयित वस्तू बंद केल्यावर आकडे उतरतात का, हे पाहावे लागते. आणि संशय घ्यायला ती वस्तू रुग्ण घेत होता हे आधी कळावे लागते. हा सगळा डोलारा रुग्णाच्या एका उत्तरावर उभा असतो.

एका प्रश्नाचे दोन अर्थ

ते उत्तर कसे मिळते, हे मी वाड्यांवर ऐकले आहे. वनस्पतींच्या वापराची नोंद करताना आम्ही बायकांना आधी विचारायचो, “मावशी, औषध काही चालू आहे का?” उत्तर यायचे, “न्हाय बाई, औषिद कशाला, चांगली हाय की.” मग दुसरा प्रश्न, “काढा वगैरे?” त्यावर, “काढा व्हय? त्यो रोजचाच हाय.”

त्यात लपवाछपवी नव्हती. आपल्या बोलण्यात औषध म्हणजे डॉक्टरने दिलेली गोळी किंवा सुई. काढा हा चहाच्या रांगेतला, चूर्ण हे मुखवासाच्या, च्यवनप्राश हा नाश्त्याच्या. पुण्यातल्या सुशिक्षित घरांत शब्द बदलतात, हिशेब तोच असतो. तिथे ते ‘सप्लिमेंट’ असते आणि ‘नॅचरल’ असते, म्हणून औषधांच्या यादीत येत नाही. डॉक्टर ‘औषध काय घेता’ एवढेच विचारून थांबतात आणि रुग्ण ‘काही नाही’ म्हणतो. दोघेही खरे बोलतात आणि कारण दोघांच्या मधून निसटून जाते.

या निसटण्याची किंमत मोठी आहे. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या जाळ्याने २०१३ ते २०१८ या काळातले १२८८ रुग्ण अभ्यासले. सर्वांत मोठा वाटा क्षयरोगाच्या औषधांचा होता, सुमारे ४६ टक्के. त्याखालोखाल पर्यायी आणि पारंपरिक औषधे, सुमारे १४ टक्के. हे प्रमाण दोन्ही बाजूंनी नीट वाचले पाहिजे. आधुनिक औषधे यकृताला इजा करतात, आणि सर्वांत जास्त करतात. पण क्षयाची औषधे घेणाऱ्याला डोळे पिवळे झाले तर लगेच यायला सांगितलेले असते आणि गरजेप्रमाणे रक्त तपासले जाते. काढ्याला असे कोणी सांगणारे नसते. क्षयाची औषधे चालू असताना शक्ती यावी म्हणून काढाही चालू असेल, तर यकृतावर दोन्हींचा भार पडतो आणि नाव एकाचेच घेतले जाते.

हळद आणि कॅप्सूल

‘मग हळदही सोडायची का?’ हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर हमखास विचारला जातो. हिशेब मांडून पाहू. हळदीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के असते. घरातल्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळद पडली तर त्यात ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन आले, तेही चार माणसांत वाटून. बाजारात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये असल्याचे लिहिलेले असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये दहा पातेल्यांची हळद, एकट्या माणसासाठी. शिवाय हळदीतले हे द्रव्य आतड्यातून फारच कमी शोषले जाते. निसर्गाचीच ती मर्यादा. मिऱ्यातले पाइपरीन सोबत दिले तर शोषण सुमारे वीस पट वाढते, असे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यानंतर कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालणे ही जाहिरातीची गोष्ट झाली.

अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजा जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. ज्याच्या अंगात ती आहे त्याला ते माहीत असण्याचा संभव जवळजवळ नाही. याच जाळ्याच्या आधीच्या नोंदींत, २००४ नंतरच्या दहा वर्षांत, एकूण रुग्णांपैकी वनस्पतिजन्य आणि आहारपूरकांचा वाटा ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलेला दिसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार यकृताला इजा करू शकणाऱ्या सहा वनस्पतींपैकी निदान एक, मागच्या तीस दिवसांत घेतलेले प्रौढ अमेरिकेत सुमारे दीड कोटी आहेत. त्या सहांत हळद आणि अश्वगंधा या आपल्या दोन.

तिसरीही जवळजवळ आपलीच. वजन घटवण्याच्या गोळ्यांत वापरली जाणारी गार्सिनिया कॅम्बोजिया ही कोकमाची सख्खी बहीण, केरळात माशाच्या कालवणात पडणारी. कालवणात तिचे काम आंबटपणाचे. गोळीत तिच्या सालीतले आम्ल वेगळे काढून, दाट करून भरलेले असते. घाट उतरून महाडला गेलेला भोरचा माणूस सोलकढी पिऊन येतो, त्याने कोणाचे यकृत बिघडल्याचे ऐकिवात नाही. आमसूल आणि अर्क यांतले हे अंतर ओळखता आले पाहिजे. खाद्यपदार्थाची पिढ्यान्‌पिढ्यांची निर्धोक ओळख अर्काला वारसाहक्काने मिळत नाही.

रानातले सगळे आपल्यासाठी नाही

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत शहरातली. रानाजवळ राहणारा माणूस ती बाळगत नाही, कारण वत्सनाभ आणि धोतरा त्याला माहीत असतात. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे त्याने अंगावर पाहिलेले असते. आयुर्वेदानेही बिब्ब्याला शुद्धी, ऋतू आणि पथ्य यांची कडक चौकट घातली आहे, आणि विष नीट वापरले तर औषध व औषध बिघडवून वापरले तर विष, हे चरकानेच सांगून ठेवले आहे.

यकृताच्या बाबतीत याचे एक भयंकर उदाहरण आपल्या देशात घडले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात, खेड्यांतल्या माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली आणि अनेक जण दगावले. यकृतातल्या सूक्ष्म शिरा बंद होण्याचा हा आजार होता. शोध घेतला तेव्हा कारण सापडले ते रोजच्या धान्यात. गोंदली, म्हणजे आपल्या वरीसारखे बारीक धान्य. त्यात क्रोटालारिया या तणाचे बी मिसळले गेले होते. या कुळाला आपण खुळखुळा किंवा घागरी म्हणतो. शेंग वाळली की आतले बी वाजते म्हणून. राजगड-तोरण्याच्या परिसरात पावसाळा सरताना तिची पिवळी फुले बांधाबांधावर दिसतात. ते कोणी औषध म्हणून घेतले नव्हते, कोणत्या कंपनीने विकले नव्हते. ते केवळ नैसर्गिक होते.

कावीळ आणि तिचे नामांकित उपचार

या विषयाचा सर्वांत अवघड भाग आता येतो. डोळे पिवळे झाले की आपल्याकडे माणूस पहिल्यांदा झाडपाल्याकडेच जातो. कावीळ आणि झाडपाला यांचे नाते इतके जुने आहे की शहरातला शिकलेला माणूसही ‘काविळीवर ॲलोपॅथीत औषध नाही’ असे सांगून गावाकडे गाडी काढतो. गळ्यात माळ घालणारे, हातावर चुना चोळून पिवळे पाणी काढून दाखवणारे, देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडणारे, असे नामांकित लोक जागोजागी असतात.

त्यांना यश येते, आणि त्याचे कारण सरळ आहे. दूषित पाण्यातून होणारी ए विषाणूची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. नाकातून येणारे पिवळे पाणी हे देवडांगरीने नाकाच्या अस्तराला आणलेल्या दाहाचे असते. यकृतातले पित्त नाकावाटे काढण्याची वाट शरीरात नाही. ई विषाणूची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. तिला माळ घालून आठवडाभर घरी ठेवणे म्हणजे तो आठवडा गमावणे.

आता यात नवी गुंतागुंत आली आहे. ज्याची कावीळ काढ्यामुळेच झाली आहे, तोही काविळीवर झाडपालाच घेऊ लागतो, आणि बऱ्याचदा त्या काविळीच्या औषधातही गुळवेल असतेच. थांबवायचे ते दुप्पट होते. अशा इजेत बहुतेक रुग्ण कारण थांबवल्यावर सुधारतात. पण औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळ दिसू लागली, की दहातला एखादा दगावतो, हा यकृतशास्त्रातला जुना आणि वारंवार पडताळलेला आडाखा आहे. म्हणून पिवळेपणा दिसेल तो दिवस महत्त्वाचा. घाटमाथ्यावरच्या वाडीतून तालुक्याला येऊन रक्त तपासायला दोन दिवस लागत असतील, तर काढा थांबवायला मात्र एक क्षणही लागत नाही.

एका वनस्पतीचे तीन दरवाजे

कायदा काय करतो? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. आयुर्वेदिक औषधांसाठी त्यात १९६४ मध्ये स्वतंत्र प्रकरण आले. ग्रंथोक्त औषधाला परवाना घेताना नवा सुरक्षितता-अभ्यास द्यावा लागत नाही. ग्रंथातला वापर हाच आधार मानला जातो. २०१० मध्ये आलेल्या १५८-ब या नियमाने ही विभागणी स्पष्ट केली. विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, त्यात बिब्बा आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. गुळवेल, हळद, अश्वगंधा या यादीत नाहीत.

दुसरा दरवाजा अन्नाचा. २०१६ च्या आहारपूरक-नियमांनुसार याच वर्गातल्या वनस्पतींची कॅप्सूल अन्न म्हणूनही विकता येते. तेव्हा तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक असते. एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकाच वनस्पतीच्या दोन बाटल्या असू शकतात. कायद्याने एक औषध आणि दुसरी अन्न. ग्राहक दोन्ही एकाच हेतूने घेतो.

तिसरा दरवाजा कुंपणाचा. तिथे परवानाही नाही, वेष्टनही नाही. तिथे एकच नियम होता, जुन्या माणसाच्या तोंडातला: ताप उतरला की थांबव. पहिल्या दोन दरवाजांच्या जाहिरातींनी तिसऱ्यावरचा हा नियमही पुसून टाकला, हे मला या सगळ्यातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

आयुर्वेदिक व इतर आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी केंद्राने २०१८ पासून यंत्रणा उभी केली आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. पण जो काढा औषधात धरला जात नाही, त्याचा दुष्परिणाम कोण नोंदवणार?

विचारायचे कसे

उपाय फार मोठे नाहीत. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांनी प्रश्न बदलावा. ‘औषध काय घेता’ याच्या पुढे ‘काढा, चूर्ण, रस, सत्त्व, गोळ्या, पावडर, वजनाचे किंवा शक्तीचे काही?’ एवढे जोडावे, आणि विचारताना आवाजात दरडावणी नसावी. रागावणाऱ्या डॉक्टरला रुग्ण काढ्याविषयी पुन्हा कधी सांगत नाही. वैद्यांनीही हाच प्रश्न उलट बाजूने विचारावा: क्षयाची, मधुमेहाची, फिटची, थायरॉइडची कोणती गोळी चालू आहे?

घेणाऱ्याने तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. कशासाठी घेतो आहे? किती दिवस? आणि मला ओळखणारे कोणी यावर लक्ष ठेवून आहे का? आधी कावीळ झालेल्यांनी, यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी वस्तू सुरू करू नये. भूक मरणे, मळमळ, न जाणारा थकवा, अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे यांतले काही दिसले तर ती वस्तू त्याच दिवशी थांबवावी आणि दवाखान्यात जाताना बाटली, पुडी किंवा वेलीचा पानासकट तुकडा सोबत न्यावा. पान असेल तर ती कोणती वेल हे सांगता येते. चूर्णावरून आम्हालाही डोळ्यांनी सांगता येत नाही.

या दिवाळीत फराळानंतर ‘यकृत साफ करणारी’ पावडर घेण्याचा सल्ला कोणी देईल. यकृत स्वतःच साफ करणारे इंद्रिय आहे. त्याला बाहेरून घासायची गरज नसते. आणि घरातले कोणी दवाखान्यात निघाले असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीत स्वयंपाकघरातल्या फळीवरची ती बरणीही ठेवा.